सोने लाल कसे असते?

प्रयोगशाळा पाहायला येणारे पालक, सराफ बाजारातले परिचित आणि पहिल्या वर्षाचे विद्यार्थी या सर्वांकडून मला एक प्रश्न वारंवार येतो: बाटलीतल्या या गडद लाल पाण्यात सोने आहे असे तुम्ही म्हणता, मग ते पिवळे का दिसत नाही आणि त्यात सोने आहे तरी किती? तुम्ही विचारलेत म्हणून जरा सविस्तर उत्तर देते. ते सोनेच आहे, त्यात कोणताही रंग मिसळलेला नाही, आणि अशा 100 मिलिलिटर पाण्यात ते जेमतेम 5 मिलिग्रॅम असते.

जळगावात सोन्याची पारख कसावर आणि वजनावर होते, आणि दागिन्यासाठी तेवढे पुरेसे असते. परंतु कणाचा व्यास काही नॅनोमीटरवर आला, म्हणजे मिलिमीटरच्या दहा लाखाव्या भागाच्या मापात मोजावा लागला, की कस तोच राहूनही धातूचे गुणधर्म बदलतात. 20 नॅनोमीटर व्यासाच्या एका कणात साधारण अडीच लाख अणू असतात, आणि त्यावर प्रकाश पडला की त्यातील मुक्त इलेक्ट्रॉन सर्व मिळून मागेपुढे झुलू लागतात. आखाजीला झोका घेणाऱ्या मुलींना ठाऊक असते की रेटा तालात बसला तरच झोका चढतो. या इलेक्ट्रॉनांचा ताल सुमारे 520 नॅनोमीटर तरंगलांबीच्या हिरव्या प्रकाशाशी जुळतो, म्हणून तो प्रकाश शोषला जातो आणि आपल्यापर्यंत मुख्यतः लाल प्रकाश पोहोचतो. मायकेल फॅरेडे यांनी 1857 मध्येच असे लाल द्रव दाखवून, हा रंग सोन्याच्या अतिसूक्ष्म कणांचा आहे असे मांडले होते. ते कण पाहण्याचे साधन तेव्हा नव्हते, तरी त्यांचा तर्क अचूक ठरला, याचे मला आजही विलक्षण अप्रूप वाटते. त्यामागचे गणित गुस्ताव मी (Mie) या जर्मन भौतिकशास्त्रज्ञांनी 1908 मध्ये दिले.

हे कण करण्याची नेहमीची रीत 1951 मध्ये टर्केविच आणि सहकाऱ्यांनी सविस्तर अभ्यासली. सोने आम्लराजात, म्हणजे नायट्रिक आणि हायड्रोक्लोरिक आम्लांच्या तीव्र मिश्रणात, विरघळवून मिळणारे क्लोरोऑरिक आम्ल अगदी विरळ करून उकळायचे आणि ढवळत असताना त्यात ट्रायसोडियम सायट्रेटचे द्रावण ओतायचे. फिकट पिवळा रंग आधी नाहीसा होतो, मग द्रव करडा-निळसर, नंतर जांभळा आणि काही मिनिटांत माणकासारखा लाल होतो. सायट्रेट येथे दोन कामे करते: सोन्याच्या आयनांना इलेक्ट्रॉन मिळवून देऊन धातू बनवते, आणि तयार झालेल्या कणांवर ऋण भाराचे आवरण चढवून त्यांना एकमेकांपासून दूर ठेवते. सायट्रेटचे प्रमाण बदलून कणांचे आकारमान ठरवता येते, हे फ्रेन्स यांनी 1973 मध्ये दाखवले. द्रवात थोडे मीठ टाकले तर ते आवरण दुबळे होते, कण एकमेकांना चिकटतात आणि लाल पाणी डोळ्यांदेखत निळे पडते. काचपात्र नीट स्वच्छ नसले तरी कण बिघडतात, म्हणून ती आधी आम्लराजाने धुण्याची सक्ती मी विद्यार्थ्यांवर करते.

या लाल रंगाचा उपयोग बहुतेकांनी न कळत पाहिलेला असतो. घरी करायच्या गर्भधारणा चाचणीच्या पट्टीवर, आणि कोरोनाच्या जलद चाचणीतही, जी रेघ उमटते ती बहुधा सोन्याच्या नॅनोकणांची असते. कणांवर प्रतिपिंडे, म्हणजे ठरावीक पदार्थाला नेमके पकडणारी प्रथिने, बसवलेली असतात; शोधायचा पदार्थ नमुन्यात असला की कण एका रेषेवर अडकून जमतात आणि रंग दिसू लागतो. सोने सहजासहजी गंजत नाही आणि प्रथिनांना पृष्ठभागावर धरून ठेवते, म्हणून या कामाला ते इतके योग्य ठरते.

लोखंडाचे तसे नाही. सोडियम बोरोहायड्राइड वापरून केलेले शुद्ध लोखंडाचे कण इतके क्रियाशील असतात की कोरडे करून एकदम हवेत आणले तर पेट घेऊ शकतात; त्यामुळे हवा काढून नायट्रोजन वायूच्या आवरणाखाली ते करावे लागतात. मात्र हीच क्रियाशीलता भूजलातील विषारी सहा-संयुजी क्रोमियमला कमी घातक रूपात आणण्यासाठी कामी येते. हाताळायला सोपा असतो तो मॅग्नेटाइट, म्हणजे लोखंडाचा काळा ऑक्साइड: फेरिक आणि फेरस क्षार दोनास एक प्रमाणात घेऊन अमोनिया घातला की काळा साका लगेच खाली बसतो. साधारण 20 नॅनोमीटरखाली त्याचे कण चुंबकाकडे धावतात, पण चुंबक दूर नेला की त्यांच्यात चुंबकत्व उरत नाही आणि ते पुन्हा द्रवात पसरतात. नमुन्यातून डीएनए किंवा आरएनए वेगळे करणारे चुंबकीय मणी याच गुणावर चालतात. लोह ऑक्साइडचेच फेरुमॉक्सिटॉल हे औषध 2009 मध्ये अमेरिकेत मूत्रपिंडाच्या रुग्णांमधील लोहाच्या कमतरतेसाठी मान्य झाले.

शेवटी केळीचा प्रश्न, कारण रावेर-यावलकडचे विद्यार्थी तो हमखास विचारतात: केळीच्या सालीपासून हे कण होतात का? होतात, पुण्यातील संशोधकांनी 2010 मध्ये सालीच्या अर्काने सोन्याचे नॅनोकण करून दाखवले. अर्कातील घटक सायट्रेटचेच काम करतात. त्यासाठी वेगळे रसायन घालणे टाळता येते हे खरे, पण प्रत्येक सालीचा अर्क वेगळा असतो आणि लहानमोठे कण एकत्र निघतात. म्हणून असा प्रकल्प घेऊन येणाऱ्याला मी आधी वाण, साल किती पिकलेली होती, अर्क कोणत्या तापमानाला काढला आणि इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली कण केवढे दिसले हे वहीत लिहायला सांगते, आणि दुसऱ्या घडाची साल घेऊन तसेच कण पुन्हा मिळाले तरच तो प्रकल्प पुढे पाठवते.