हो म्हण की!

मे महिन्यात सोलापुरात दुपारी बारानंतर शहाणा माणूस घराबाहेर पडत नाही. मी पंख्याखाली बसून गुहेत उतरतो. चित्र नाही, आवाज नाही, काळ्या पडद्यावर नुसती इंग्रजी अक्षरं. 'कोलोसल केव्ह ॲडव्हेंचर' हा खेळ विल क्राउदर नावाच्या प्रोग्रॅमरनं १९७६च्या सुमारास लिहिला. गडी स्वतः गुहा धुंडाळणारा, त्यामुळं केंटकीतली मॅमथ केव्ह त्यात उतरली. १९७७मध्ये डॉन वुड्सनं तो वाढवला.

या खेळाशी दोन शब्दांत बोलायचं. दिवा घे. दार उघड. मागावरून दमून आलेले आमचे अप्पा असंच बोलायचे. 'पाणी आण.' 'पंखा लाव.' तिसरा शब्द निघाला की समजायचं, आज काहीतरी बिनसलंय.

गुहेत एक पक्षी आहे. माझ्याकडं पिंजरा होता, तरी पाखरू हाती लागेना. तीन दिवस गेले. रात्री अंथरुणात डोक्यात तेच. चौथ्या दिवशी लक्षात आलं, दुसऱ्या हातात काळी काठी आहे, तिलाच ते भितंय! काठी खाली ठेवली आणि पाखरू गपगुमान पिंजऱ्यात. पुढं वाट अडवून बसलेल्या सापाला त्यानंच पळवून लावलं. उत्तर पहिल्यापासून माझ्याच हातात होतं, म्हणून स्वतःवरच चिडलो. पण असं कोडं मला मानवतं. त्यात फसवणूक नाही.

ड्रॅगननं मात्र डोकं उठवलं. उंची गालिचा अंथरून त्यावर हा पसरलेला. कुऱ्हाड फेकली, काही नाही. 'ड्रॅगनला मार' म्हटलं तर यंत्र विचारतं, 'कशानं? नुसत्या हातांनी?' मला वाटलं, टोमणा मारतंय. मुकाट्यानं मागं फिरायचो. असं आठवडाभर.

आई शेजारीच शेंगा फोडत बसलेली. चटणीला हव्या होत्या. माझं पुटपुटणं ऐकून म्हणाली, "काय म्हणतंय रे ते?"

मी सांगितलं.

"मग विचारतंय तर हो म्हण की!"

म्हटलं, आई, तसं नसतं ते. तरी तिचं मन राखायला 'यस' टाइप केलं. ड्रॅगन मेला! नुसत्या हातांनी! यंत्रानं अभिनंदनसुद्धा केलं. याला काय कोडं म्हणायचं? पक्ष्याच्या कोड्यापुढं ही शुद्ध चावटपणाची गोष्ट. पण खवचट बोलण्याची सवय असलेल्या माझ्यासारख्याला चांगली अद्दल घडली, हेही खरं. साधा प्रश्न मला प्रश्न म्हणून ऐकूच आला नव्हता.

आईला ड्रॅगनचं काहीच कौतुक नव्हतं. सुपातली फोलपटं पाखडत म्हणाली, "गालिचा घेतलास का?"

"घेतला. पर्शियन आहे."

"असू दे. धुतल्यावर रंग जातो का, ते विचार त्याला."

सगळा जन्म चादरींच्या गावात गेलेली बाई. तेवढं विचारायचं माझं अजून राहिलंय.