तिथी बघून गाठलेलं दिवेआगर

कोकणात जायचं ठरलं की लोक जोडून आलेल्या सुट्ट्या बघतात. मी भिंतीवरच्या कालनिर्णयात तिथी बघते. भरतीची वेळ काढायची आपल्या किनाऱ्यावरची जुनी रीत आहे: तिथीची पाऊणपट करायची. चतुर्थीला तीनच्या सुमारास पूर्ण भरती, पौर्णिमेला सव्वाअकराच्या. त्यात सहा-सव्वासहा तास मिळवले की ओहोटी. त्यातून पौर्णिमा-अमावास्येला उधाण असतं, पाणी एरवीपेक्षा जास्त चढतं आणि तेवढंच लांब मागेही जातं. म्हणजे पौर्णिमेच्या संध्याकाळी साडेपाचला समुद्र दूर, आणि अलीकडे ओल्या वाळूचं भलंमोठं मैदान. माझ्या व्हीलचेअरला तेच मैदान लागतं. म्हणून यंदा मार्गशीर्ष पौर्णिमा धरून आम्ही दिवेआगरला गेलो.

नऊ वर्षांपूर्वी मणक्याला मार बसला. कमरेखाली ताकद नाही, स्पर्शही कळत नाही. हात मात्र उत्तम आहेत आणि घरात, ऑफिसात माझी खुर्ची मीच चालवते. वाळूवर ते जमत नाही. अपघातानंतरच्या पहिल्या समुद्रसहलीत ते फार लागलं मनाला. ज्या हॉटेलनं फोनवर ‘व्हीलचेअर चालेल’ सांगितलं होतं, तिथे दारातच चार पायऱ्या निघाल्या. न्हाणीघराच्या दारातून खुर्ची आत जाईना. किनाऱ्यावर पुढची छोटी चाकं वाळूत रुतली आणि नवऱ्यानं मला लाटांपर्यंत अक्षरशः ओढत नेलं. समोर सूर्य बुडत होता आणि मला ऐकू येत होती ती पाठीमागून त्याची धाप. दुसरा दिवस त्यानं कंबर धरून काढला. त्या रात्री मी ठरवलं, पुढच्या वेळी सुट्टी त्याचीही असेल.

यावेळी म्हणून आधी मापं घेतली. माझी खुर्ची पंचवीस इंच रुंद. ज्या घरगुती मुक्कामी उतरायचं होतं, तिथल्या काकूंना मी न्हाणीघराचं दार मोजायला सांगितलं. त्यांनी फोन तसाच ठेवून टेप लावली. “अठ्ठावीस भरतंय गो. आणि ओटीला दोन पायऱ्या आहेत, त्यावर फळी टाकू. अजून काय मोजू?” इतक्या सरळपणे मला क्वचितच कुणी विचारलं असेल.

पुण्याहून ताम्हिणी, माणगाव, म्हसळा असं करत दुपारच्या जेवणाला पोचलो. वालाचं बिरडं, तांदळाची भाकरी, सोलकढी, आणि पानात येईपर्यंत वाफ न गेलेले उकडीचे मोदक. जेवणानंतर काकांनी वाडी दाखवली. पाटाच्या कडेची वाट शेणानं सारवल्यासारखी घट्ट होती, खुर्ची छान पळाली. 3 जून 2020 च्या निसर्ग चक्रीवादळात या पट्ट्यातल्या नारळी-पोफळी आडव्या झाल्या. पोफळीला फळ धरायला पाच-सात वर्षं लागतात, आणि वादळानंतर लावलेली काकांची रोपं आता कुठे धरू लागली आहेत. ते प्रत्येक झाडाशी थांबत होते, वर बघत होते. आम्हीही बघत होतो.

ऊन उतरेपर्यंत झोप काढली. भर दुपारी मी वाळूवर जात नाही. पायांना चटका कळत नाही, फोड आल्यावरच समजतं. त्यामुळे समुद्रावरही मोजे आणि बूट. अनवाणी पावलं ओल्या वाळूत टेकवायची इच्छा होते, पण कालवाच्या कवचानं कापलेलं मला रात्री मोजे काढताना दिसेल.

खरा प्रश्न असतो सुरूच्या बनापासून ओल्या वाळूपर्यंतच्या कोरड्या पट्ट्याचा. कोरडे कण सुटे असतात, चाकाखालून सरकतात. ओल्या वाळूत कणाकणांमधलं थोडंसं पाणीच त्यांना एकमेकांशी धरून ठेवतं. आमच्या गाडीत प्लायवूडच्या दोन फळ्या होत्या, एकीवरून पुढे जायचं आणि मागची उचलून पुढे टाकायची, असा बेत. तो ऐकून काकू म्हणाल्या, “कशाला? झाप आहेत की.” नारळाच्या झावळ्यांचे विणलेले झाप त्यांच्या मुलानं आणि पुतण्यानं बनापासून ओळीनं अंथरले. मी उलटी फिरले, मोठी चाकं पुढे घेतली, आणि नवऱ्यानं फक्त हँडलला हात लावला. साठेक पावलांची वाट पाच मिनिटांत पार.

चेन्नईच्या मरीना किनाऱ्यावर 2022 मध्ये अशा खुर्च्यांसाठी लाकडी वाट बांधली. आपल्या सातशेवीस किलोमीटर किनाऱ्यावर अशा वाटा मला हव्या आहेत, आणि कायमच्या हव्या आहेत. कुणाच्या घरी झाप असतील-नसतील.

झापांवरून चाकं ओल्या वाळूवर उतरली आणि आवाजच बदलला. खरखर थांबली. मी दोन ढकले दिले, खुर्ची सरसर पुढे गेली. लाट नुकती परतली तिथली चकाकणारी वाळू टाळायची, ती पाण्यानं तुडुंब असते, चाक बसतं. त्याच्या वरचा, चमक गेलेला काळसर पट्टा खरा. त्या पट्ट्यावर आम्ही उत्तरेकडे निघालो.

एरवी बाहेर पडलं की तो माझ्या मागे असतो. मी बोलते ते समोरच्या हवेशी, त्याचं उत्तर डोक्यावरून येतं. इथे तो शेजारून चालत होता. खिशात हात घालून. मान वळवली की त्याचा चेहरा दिसत होता. लग्नाआधी आम्ही संभाजी बागेपासून डेक्कनपर्यंत असंच चालायचो, उगाच. त्यानं काही तसं बोलून दाखवलं नाही. “अगं, हळू,” एवढंच म्हणाला, कारण मी पुढे निघाले होते.

वाळूत बारीक खेकड्यांनी गोळ्यांच्या रांगोळ्या घातल्या होत्या, त्या चुकवत गेलो. कुरवांचा थवा पाण्याच्या कडेला बसला होता, आम्ही जवळ गेल्यावर एकदम उठला आणि पुढे जाऊन पुन्हा बसला. सूर्य बुडताना मी ब्रेक लावले. तो वाळूवर पसरला, माझ्या चाकाला पाठ लावून. दर अर्ध्या तासानं मला हातांवर जोर देऊन बूड उचलावं लागतं, नाहीतर जखमा होतात, मी उचललं की खुर्ची हलायची आणि तो डोळे न उघडता “झालं?” विचारायचा. गावातून दत्तजन्माच्या पाळण्याचे सूर येत होते. मागे वळून पाहिलं तर सुरूंच्या वर चंद्र आला होता.

परतल्यावर काकूंनी सुंठवडा हातावर ठेवला. नवरा ओटीवरच्या बाकावर आडवा झाला आणि आठाच्या आत झोपला. मी अंगणात खुर्ची गोड्या पाण्यानं धुवून घेतली, कारण खारी वाळू बेअरिंगमध्ये राहिली की गंज चढतो. फडक्यानं पुसलं, शिलाई मशीनचं तेल सोडलं. मोठी चाकं फिरवून पाहिली, आवाज नव्हता.

उद्या प्रतिपदा. सकाळची ओहोटी आज सव्वापाचला होती, उद्या सहाला. त्याला साडेपाचला उठवलं तरी चालेल.