गाळ धुण्याचा दिवस

आज गोव्यात दोनापावलला दिवसभर समुद्रतळाचा गाळ धुणं. गाभ्याची (तळात नळी खुपसून काढलेल्या गाळाच्या उभ्या नमुन्याची) एकेक सेंटिमीटरची चकती, रात्रभर भिजवलेली, ६३ मायक्रॉनच्या चाळणीवर, हलक्या धारेखाली. धार जोरात सोडली की फोरॅमिनिफेरांची (समुद्रातल्या सूक्ष्म एकपेशी जीवांची) कवचं फुटतात. पाणी आम्लधर्मी असलं तर विरघळतातच. त्यातली 'ग्लोबिजेरिना बुलॉइडिस' ही जात भरपूर निघाली, तर त्या काळी नैऋत्य मोसमी वारे जोरात, त्यामुळे खालचं थंड पाणी वर येत होतं. पण तळातले किडे गाळ उकरून जुने-नवे थर कालवतात. शिवाय समुद्रातल्या कवचांचं कार्बन-१४ वरून काढलेलं वय सुमारे ४०० वर्षं जास्त येतं, ते वजा करायचं (घाईत हेच राहतं!). पावसाळा सरताना गोव्याच्या किनाऱ्यालगत पाण्यातला प्राणवायू घटतो तोही याच वर येणाऱ्या पाण्यामुळे. त्यात भर खतं, सांडपाण्याची. यात आपला वाटा किती, हे वेगळं काढायला गाळातली जुनीच नोंद लागते.