उड्डाणाआधीचे दोन क्लिअरन्स

विमान धावपट्टीवर पोहोचतं तेव्हा वैमानिकाकडे एक क्लिअरन्स (नियंत्रकाची परवानगी) आधीच असतो, पण तो उड्डाणाचा नसतो. तो मार्गाचा असतो: कुठपर्यंत जायचं, कोणत्या एसआयडीने, म्हणजे विमानतळातून निघायच्या ठरलेल्या मार्गाने, बाहेर पडायचं, सुरुवातीला किती उंची गाठून थांबायचं, रडारला विमानाची ओळख देणाऱ्या ट्रान्सपॉन्डरवर कोणता चार आकडी कोड लावायचा. तो बहुधा स्टँडवरच, म्हणजे विमान उभं असतं त्या जागीच, घेतात. धावायची परवानगी वेगळी, ती टॉवर देतो.

२७ मार्च १९७७ ला स्पेनच्या टेनेरिफ बेटावरच्या लॉस रोदेओस विमानतळावर नेमकी याचीच गल्लत झाली. धुक्यात केएलएम या डच कंपनीचं बोइंग ७४७ धावपट्टीच्या टोकाशी वळून उभं होतं, आणि त्याच धावपट्टीवर पॅन ॲम या अमेरिकी कंपनीचंही ७४७ होतं. नियंत्रकाने मार्गाचा क्लिअरन्स दिला, त्यातच ‘टेक-ऑफनंतर उजवीकडे वळा’ असं होतं. सहवैमानिकाने तो परत म्हणून दाखवला आणि शेवटी ‘वुई आर नाऊ ॲट टेक-ऑफ’ असं जोडलं. टॉवरला वाटलं विमान सज्ज उभं आहे. ते धावू लागलं होतं. टॉवरने ‘ओके’ म्हटलं, मग थांबायला सांगितलं. त्याच क्षणी पॅन ॲमने आपण अजून धावपट्टीवरच असल्याचं कळवलं. दोन्ही संदेश एकमेकांवर आदळले आणि केएलएमच्या कॉकपिटमध्ये कर्कश शिट्टी ऐकू गेली. दोन्ही विमानं धडकली, ५८३ माणसं गेली. (विमानाचा व्हीएचएफ रेडिओ एएमवर चालतो. दोघं एकदम बोलले की शिट्टी येते, म्हणजे काहीतरी निसटलं एवढं तरी कळतं. शिट्टी ऐकली की पुन्हा विचारायचंच.)

आता ‘टेक-ऑफ’ हा शब्द फक्त ती परवानगी देताना, रद्द करताना आणि ती परत म्हणताना वापरतात. एरवी ‘डिपार्चर’. वैमानिक ‘रेडी फॉर डिपार्चर’ म्हणतो. धावपट्टीवर नुसतं जाऊन थांबायचं असेल तर ‘लाईन अप अँड वेट’.

धावपट्टीवर जाणं, ती ओलांडणं, तिच्याआधी थांबणं, उंची, दिशा, कोड, क्यूएनएच (उंचीमापकावर लावायचा हवेचा दाब) हे सगळं कॉलसाइनसह, म्हणजे विमानाच्या रेडिओवरच्या नावासह, शब्दशः परत म्हणावं लागतं. नुसतं ‘रॉजर’, म्हणजे ‘ऐकलं’, चालत नाही. आणि नियंत्रकाने ते खरोखर ऐकावं लागतं. गर्दीच्या वेळी कानाला अपेक्षित तेच ऐकू येतं, चुकीचा आकडा बरोबर वाटून निघून जातो.

पण अचूक परत म्हणणंही पुरत नाही, हे टोकियोच्या हानेदा विमानतळावर २ जानेवारी २०२४ ला दिसलं. तटरक्षक दलाच्या विमानाला सांगितलं होतं: क्रमांक एक, सी-५ होल्डिंग पॉइंटपर्यंत (धावपट्टीआधी थांबायची जागा) या. वैमानिकांनी ते बरोबर म्हणून दाखवलं आणि तरीही ते धावपट्टीवर गेले. उतरणारं जपान एअरलाइन्सचं विमान त्यांच्यावर आदळलं; त्यातले ३७९ जण वाचले, तटरक्षकांचे पाच जण गेले. ‘क्रमांक एक’ ही रांगेतल्या जागेची माहिती, परवानगी नव्हे. माझ्या मते निघायच्या वेळी अशी सौजन्याची माहिती जितकी कमी तितकं बरं. कॉकपिटमध्ये दोघांपैकी एकालाही शंका असेल तर होल्ड लाइनवर थांबून ‘कन्फर्म लाईन अप’ विचारावं. मुंबईत दोन धावपट्ट्या एकमेकींना छेदतात, उतरणाऱ्यांमधल्या फटी आखूड असतात. तिथे हा प्रश्न जड वाटतो, तरीही विचारावा.

परवानगी मागे घ्यायची झाली तर विमान उभं असताना ‘होल्ड पोझिशन, कॅन्सल टेक-ऑफ’, आणि कारण. धावू लागलं असेल तर ‘स्टॉप इमिजिएटली’, कॉलसाइनसह दोनदा. उत्तर एकच, ‘स्टॉपिंग’. व्ही-वन हा ठरलेला वेग ओलांडल्यावर मात्र वैमानिक थांबत नाही, कारण उरलेल्या धावपट्टीत विमान थांबेल याची हमी तिथे संपते.