औषधाच्या चिठ्ठीची दुसरी प्रत

एडीएचडीचं, म्हणजे लक्ष टिकवणं आणि कामं क्रमाने उरकणं जड जातं त्या अवस्थेचं, औषध सुरू करणार असाल तर डॉक्टरांच्या खोलीतून बाहेर पडण्याआधी चिठ्ठीच्या दोन प्रती मागून घ्या. दोन्हींवर सही-शिक्का हवा. मला हे कुणीच सांगितलं नव्हतं, आणि त्यापायी माझे अकरा दिवस गेले.

माझं वय ३६. निदान पालिकेच्या रुग्णालयात झालं, सकाळी केसपेपर काढून, दोन भेटींत. लक्षणं बाराव्या वर्षाआधीपासून होती का, हे डॉक्टर खोदून विचारतात. आईने माळ्यावरून माझं चौथीचं प्रगतिपुस्तक काढून दिलं होतं. 'हुशार आहे, पण वर्गात लक्ष नसते,' हा बाईंचा शेरा डॉक्टरांनी मोठ्याने वाचला आणि मला रडू फुटलं. तुमच्याकडे असं काही असेल तर जरूर न्या.

चिठ्ठीवर मिथाइलफेनिडेट होतं. भांडुप स्टेशनजवळच्या तीन मेडिकलनी नाही म्हटलं. तिसऱ्याने तर 'असली औषधं आम्ही ठेवत नाही' हे इतक्या मोठ्याने सांगितलं की मागे उभे असलेले सगळे माझ्याकडे बघायला लागले. मुलुंडच्या एका काकांनी मात्र नीट समजावलं. हे शेड्यूल एक्समधलं, म्हणजे कडक नियंत्रणाच्या सरकारी यादीतलं औषध. ते विकायला वेगळा परवाना लागतो, कुलपात ठेवावं लागतं, आणि चिठ्ठीची एक प्रत दुकानदाराला दोन वर्षं जपावी लागते. माझ्याकडे एकच प्रत होती. झेरॉक्स काढून आणू का, विचारलं. "नाही ताई, डॉक्टरांच्या सहीचीच लागेल."

व्हिडिओवर डॉक्टर गाठून चिठ्ठी घ्यावी म्हटलं, तर २०२० च्या टेलिमेडिसिनच्या नियमांत शेड्यूल एक्सची औषधं तशी लिहून देताच येत नाहीत. म्हणजे पुन्हा रजा, पुन्हा रांग. आमच्या डॉक्टरांची ओपीडी ठरावीक वारीच असते, त्यामुळे मधला अख्खा आठवडा फुकट गेला. या औषधाचा गैरवापर होतो, म्हणून नियम कडक असावा हे मला मान्य आहे. पण कागद सांभाळणं, पाच कामं क्रमाने उरकणं हेच ज्यांना जड जातं, त्यांनाच हे औषध लागतं. ओपीडीतल्या कुणीतरी 'दोन प्रती घ्या' एवढं म्हणायला हवं होतं. तो राग अजून आहे.

शेवटी औषध मिळालं ते परळला, मोठ्या रुग्णालयाजवळच्या दुकानात. आधी फोन करून साठा विचारूनच निघा.

ही धावपळ झेपणार नसेल तर डॉक्टरांना ॲटोमॉक्सेटिन या एडीएचडीच्याच दुसऱ्या औषधाबद्दल विचारा. तेही चिठ्ठीवरच मिळतं, पण शेड्यूल एक्समध्ये नाही. परिणाम दिसायला मात्र काही आठवडे लागतात. रक्तदाब किंवा हृदयाचा काही त्रास असेल तर तो पहिल्याच भेटीत सांगा, दोन्ही औषधांसाठी ते महत्त्वाचं आहे.

नुसत्या गोळीने माझं भागलं नाही. महिन्यातून दोनदा मानसशास्त्रज्ञाकडे सीबीटीसाठी, म्हणजे विचारांच्या आणि वागण्याच्या सवयी बदलायला शिकवणाऱ्या थेरपीसाठी जाते. मोठं काम छोट्या तुकड्यांत मोडून प्रत्येकाला वेळ नेमून द्यायची, हे मी तिथे शिकले आणि ऑफिसचे रिपोर्ट आता वेळेत जातात. कुठून सुरुवात करावी हेच सुचत नसेल तर टेली-मानस या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनचा १४४१६ हा सरकारी क्रमांक आहे, मोफत, चोवीस तास, आणि मराठीत बोलता येतं.

आणि एक राहिलं. गोळीने भूक मरते. मी आधी पोहे नाहीतर पोळीभाजी खाते, मगच गोळी घेते.