विहिरीच्या गाळातला धणा

इंग्लंडमधल्या सिल्चेस्टरला लोक येतात ते तटबंदी बघायला. भिंत आहेच तशी: इ.स. 270च्या सुमाराची, सुमारे अडीच किलोमीटर घेराची, कुठे कुठे अजून साडेचार मीटर उंच. आत मात्र एका कडेचं जुनं चर्च सोडलं तर कुरणच कुरण. रोमन काळातलं इथलं शहर, कॅलेव्हा, ओस पडलं, त्यावर पुन्हा शहर वसलंच नाही, आणि म्हणून जमिनीखाली इतकं काही शाबूत राहिलं.

रेडिंग विद्यापीठाचं इथलं मोठं उत्खनन 1997 ते 2014 चाललं. त्याच्या शेवटच्या काळात मी विद्यार्थी म्हणून माती धुण्याच्या कामावर होतो. मला हे काम मनापासून आवडायचं.

त्या दिवशी रोमनपूर्व काळातल्या एका विहिरीच्या तळाचा गाळ आला. काळाकुट्ट, उग्र वासाचा. अशा ओल्या गाळात हवा पोचत नाही, त्यामुळे एरवी कुजणाऱ्या बिया, किड्यांचे पंखसुद्धा टिकतात. बारीक चाळणीवर पाण्याची धार सोडायची, उरलेलं ओलंच ठेवायचं आणि मायक्रोस्कोपखाली चिमट्याने एकेक कण वेगळा करायचा. सकाळभर नुसत्या तणांच्या बिया निघाल्या.

मग एक अर्धगोल दाणा समोर आला. बाहेरून नागमोडी रेषा, आतून वाटीसारखा खोलगट. धणा! आमच्या घरच्या मिसळणाच्या डब्यातला. नमुना-संग्रहातला आजचा दाणा शेजारी ठेवला, रेष न् रेष जुळली. मॅडमनी बराच वेळ पाहिलं आणि म्हणाल्या, "नोंद कर." माझ्या अंगावर काटा आला होता.

कारण कोथिंबीर ब्रिटनची नव्हे, आणि रोमन फौजा आल्या इ.स. 43 मध्ये. त्याआधीच्या इथल्या विहिरींत धणे, सेलरीच्या बिया, ऑलिव्हची आठळीसुद्धा मिळालेली आहे. म्हणजे रोमनांआधी इथे राहणाऱ्या अ‍ॅट्रेबेटीस लोकांच्या ताटात दूरदेशीची चव सैन्याच्या आधी व्यापारातून पोचली होती. 'रोमनांनी येऊन संस्कृती शिकवली' हे वाक्य मला तेव्हापासून सहन होत नाही.

1890 ते 1909 दरम्यान इथे खणणाऱ्यांनी इमारतींच्या दगडी पायाभिंतींचा माग काढत अख्ख्या शहराचा नकाशा काढला; प्राचीन वनस्पती-अवशेषांचे अभ्यासक क्लेमेंट रीड यांच्याकडून बियाही तपासून घेतल्या, त्या काळी हे फारच दुर्मीळ. लाकडी घरांचे खालचे थर बरेचसे त्यांच्या हातून सुटले. सुटले म्हणूनच आमच्या वाट्याला आले.

1866 मध्ये इथे सापडलेला काशाचा गरुड आता रेडिंगच्या संग्रहालयात आहे. त्याच्याशेजारी एका बाटलीत हा धणाही ठेवावा, असं मला फार वाटतं.