आठ वारांचा प्रश्न

फेब्रुवारीच्या शेवटच्या आठवड्यात कुरिअरवाला दारात एक मऊ पाकीट ठेवून गेला. आत किल्ट होता, म्हणजे पुरुषांनी कमरेला घालायचा निऱ्यांचा घागरा. हिरव्या चौकड्यांचा, सोबत कातडी पट्टा आणि कमरेपुढे लटकवायची केसाळ पिशवी. नवऱ्याने सतरा मार्चसाठी, म्हणजे सेंट पॅट्रिक्स डेसाठी मागवला होता. डब्लिनला येऊन आम्हाला सात वर्षं झाली. इतकी वर्षं आपण मिरवणूक रस्त्याच्या कडेला उभं राहून बघतो, यंदा तरी आयरिश लोकांच्या या सणाला त्यांचा पोशाख घालू, असं त्याच्या मनात होतं. त्या इच्छेत मला काहीच वावगं वाटलं नाही. मुलाने विचारलं, "आई, हे आयरिश आहे ना?" मी म्हटलं, "हो, असणारच."

माझं माहेर इचलकरंजी. वडिलांचे चार माग होते. त्यामुळे कापड हातात आलं की आधी पोत बघायचा, मग पन्हा, मग काठ, ही सवय अंगातच आहे. किल्ट जेवणाच्या टेबलावर पसरला आणि निऱ्या मोजल्या. पुढचा भाग सपाट, एकावर एक येणारा. निऱ्या सगळ्या मागे, कमरेपासून नितंबापर्यंत शिवून बसवलेल्या. हा भरला जेमतेम पाच वार, तोही पॉलिव्हिस्कोस, म्हणजे कृत्रिम धाग्याचा. चांगला किल्ट लोकरीचा असतो आणि त्याला आठ वार कापड लागतं. दुहेरी पन्ह्याचं चार वार घेतात, मधोमध फाडतात आणि जोडतात. निऱ्या अशा घालतात की चौकडीची एक अख्खी आवृत्ती प्रत्येक निरीच्या पोटात जाते आणि वरून बघणाऱ्याला नक्षी कुठेच तुटलेली दिसत नाही. हे समजलं तेव्हा मला आजीची आठवण झाली. तिच्या नऊवारीपेक्षा एकच वार कमी, आणि मापाची काळजी तेवढीच.

दुसऱ्या दिवशी शेजारच्या आजी चहाला आल्या. त्या मूळच्या मेयो काउंटीतल्या (काउंटी म्हणजे इथला जिल्हा), वय ऐंशीच्या पुढे. मी हौसेने किल्ट दाखवला. त्यांनी कापडावरून हात फिरवला, छान आहे म्हणाल्या, आणि थोडं थांबून म्हणाल्या की माझ्या वडिलांनी जन्मात किल्ट घातला नाही. त्यांच्या लहानपणी सतरा मार्च म्हणजे सकाळी चर्चमधली प्रार्थना, वडिलांचा रविवारचा सूट आणि कोटाला टाचलेली शॅमरॉकची, म्हणजे तीन पानी हिरव्या रोपट्याची जुडी. मुलींना फितीचा बिल्ला. पबसुद्धा त्या दिवशी बंद असायचे. १९२७ च्या कायद्याने तशी सक्तीच होती, ती साठच्या दशकाच्या सुरुवातीला उठली. मग म्हणाल्या, "तुझ्या नवऱ्याला वाईट वाटेल असं काही मी बोलले नाही ना?" त्या एवढ्या सांभाळून बोलल्या, म्हणूनच मला ते लागून राहिलं.

मग मी वाचायला बसले. तीन रात्री गेल्या.

किल्ट हा स्कॉटलंडच्या डोंगराळ भागातला पोशाख. जुन्या आयरिश माणसाचा पोशाख वेगळाच होता. लेने नावाचा तागाचा लांब, घोळदार सदरा आणि वर ब्रात म्हणजे लोकरीची घोंगडीसारखी शाल. सदऱ्याला भरपूर कापड, ऐसपैस बाह्या, आणि रंग केशरी. हा पोशाख इंग्रजी सत्तेच्या डोळ्यात इतका खुपत होता की आठव्या हेन्रीच्या काळात, १५३७ साली, केशरी रंगवलेल्या सदऱ्यांवर कायद्याने बंदी आली आणि एका सदऱ्याला सात वारांपेक्षा जास्त कापड वापरायचं नाही असंही त्यात लिहिलं गेलं. माणसाच्या अंगावर किती वार असावेत हे राजाने ठरवायचं! मी मागवाल्याची मुलगी, माझ्या तर हे वाचून अंगावर काटा आला.

आता वाटेल की प्रश्न मिटला, किल्ट आयरिश नाही, परत करून टाकावा. पण तसं नाही, आणि पुढचा भाग मला सगळ्यात जवळचा वाटला. १८९३ मध्ये आयरिश भाषा जपण्यासाठी गेलिक लीग ही संस्था स्थापन झाली. आयरिश भाषा पुन्हा बोलायची, खेळ पुन्हा खेळायचे, असं वारं सुटलं तसा अंगावर काय घालायचं हाही प्रश्न आला. इंग्रजी कोट-पाटलोण नको, मग काय? पॅट्रिक पिअर्स, ज्यांना पुढे इंग्रजी सत्तेविरुद्धच्या १९१६ च्या उठावानंतर गोळ्या घालण्यात आल्या, त्यांनी १९०० साली एका पत्रात यावर लिहिलं आहे. स्लायगो काउंटीतल्या दलदलीत सापडलेली जुनी घट्ट विजार त्यांनी संग्रहालयात जाऊन पाहिली. अस्सल आयरिश म्हणावी तर तीच. पण ती घालून कोणी लोकांसमोर गेलं तर पाटलोण विसरून आतल्या कपड्यांतच बाहेर पडलाय असं वाटेल, त्यापेक्षा अस्सलपणात कमी पडला तरी किल्ट बरा, असा त्यांचा सल्ला होता.

म्हणजे त्यांना माहीत होतं. डोळे उघडे ठेवून त्यांनी शेजारच्या स्कॉटलंडमधल्या गेलिक भावंडांचा कपडा उचलला आणि त्याला आपला जुना, बंदी घातलेला केशरी रंग दिला. चौकड्या नाहीत, एकरंगी. आजही आयरिश सैन्यातले पाइपवादक, म्हणजे पिशवीचं बॅगपाइप वाद्य वाजवणारे, केशरी किल्टच घालतात. रंग आपल्या झेंड्यातल्यासारखा झळझळीत नसतो, जुन्या मोहरीसारखा दबका असतो. शंभर-सव्वाशे वर्षं लोकांनी मनापासून घातलेला कपडा आयरिश नाही, असं मी कोण म्हणणार?

मात्र आमच्या टेबलावरचा हिरवा चौकडा ती गोष्ट नव्हे. दुकानांत काउंटीकाउंटीच्या नावाने मिळतात त्या चौकड्या बहुतेक १९९६ च्या सुमाराला स्कॉटलंडमधल्या एका कापड कंपनीने काढलेल्या आहेत. जुनी म्हणावी अशी चौकडी एकच, उत्तरेकडच्या अल्स्टर प्रांताची. ती १९५६ मध्ये डंगिव्हनजवळ जमिनीत सापडलेल्या कपड्यांवरून पुन्हा विणली, आणि ते कपडे होते विजार, डगला आणि वरून पांघरायचं वस्त्र. किल्ट त्यातही नव्हता.

नवऱ्याला हे सगळं सांगितलं तेव्हा तो थोडा हिरमुसला. म्हणाला, "कोणी हरकत थोडीच घेणार आहे?" खरं आहे, कोणी घेतली नसती. इथले लोक पाहुण्याच्या हौसेला हसून दाद देतात. लग्नात भाड्याने किल्ट आणणारी आयरिश मुलंही मी पाहिली आहेत, आणि ते त्यांचं त्यांनी ठरवावं. पण मला आमच्या घरचा गणपती आठवला. नवऱ्याच्या ऑफिसातला एक मित्र पहिल्या वर्षी राजस्थानी बांधणीचा तयार साफा घालून आरतीला आला होता. त्याचं प्रेम दिसत होतं, आम्ही काही बोललो नाही. पुढच्या वर्षी त्याने आधी फोन करून विचारलं, तुमच्याकडे काय बांधतात? मी स्वतः त्याला फेटा बांधून दिला. त्या दिवशी तो टाळ घेऊन उभा राहिला तेव्हा तो मला घरचाच वाटला. दोन्ही वर्षी माणूस तोच होता, पण दुसऱ्या वर्षी त्याने आम्हाला विचारलं होतं. नवऱ्याला एवढंच म्हटलं, "आपण आजींना विचारूया."

आजींनी सांगितलं ते सोपं होतं. चांगले कपडे घाला आणि शॅमरॉक लावा. प्लॅस्टिकचा नको, ताजा. किल्ट आम्ही परत पाठवला.

सतरा तारखेला सकाळी त्या स्वतः जुडी घेऊन आल्या, ओल्या कागदात गुंडाळलेली. मुळांना थोडी माती होती. नवऱ्याच्या कोटाला, मुलाच्या जॅकेटला आणि माझ्या शालीला त्यांनी एकेक जुडी टाचली. मला टाचताना हात किंचित थरथरत होता, पण मदत घेतली नाही.

ओ'कॉनेल स्ट्रीटवर गार वारा होता. बऱ्याच वेळाने एक पाइप बँड आला, सगळ्यांच्या कमरेला तो मोहरीसारखा केशरी रंग. एका तालात पावलं पडत होती आणि मागच्या निऱ्या प्रत्येक पावलाला उघडत होत्या, मिटत होत्या. मुलगा बाबाच्या खांद्यावर होता. ओरडून म्हणाला, "आई, हे आठ वार आहेत का?" शेवटच्या रांगेतला वादक पुढे जाईपर्यंत मी निऱ्या मोजत होते. सव्वीसपर्यंत आले, मग गर्दी मध्ये आली.